कासेतला रोग आणि भावातला दोष

(सावर्डे येथे दूध-उत्पादकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दुधाच्या भावाचा प्रश्न महाराष्ट्रात दर दोन-चार वर्षांनी पेट घेतो. टँकर अडवले जातात, दूध रस्त्यावर ओतले जाते, मंत्र्यांच्या बैठका होतात आणि लिटरमागे काही रुपयांची तडजोड होऊन प्रकरण शांत होते. या आंदोलनांची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. परंतु रस्त्यावर ओतलेले दूध साऱ्या महाराष्ट्राला दिसते, त्याची छायाचित्रे छापून येतात. गाईच्या कासेतच नाहीसे होणारे दूध मात्र कोणाला दिसत नाही. ज्याचे ते नाहीसे होते त्या शेतकऱ्यालाही पुष्कळदा त्याचा पत्ता नसतो. या न दिसणाऱ्या दुधाचा हिशेब मांडणे, तो तोटा कोणाच्या पदरी पडतो हे पाहणे आणि तो तसा का पडतो याचे कारण शोधणे, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

या तोट्याचे नाव कासदाह. खेड्यात त्याला ‘दगडी’ म्हणतात, आणि हे नाव अगदी यथार्थ आहे. कास सुजून दगडासारखी कठीण होते, हात लावू देत नाही, सडातून दुधाऐवजी पाणी, गाठी, कधी रक्त येते. अशा गाईला ताप असतो, ती चारा सोडते, आणि घरातले सारे जण धावाधाव करू लागतात. परंतु ‘दगडी’ हे या रोगाचे केवळ उघडे रूप होय. त्याचे दुसरे रूप सुप्त आहे. त्यात कास सुजत नाही, दुधाचा रंग बदलत नाही, गाय नेहमीसारखी रवंथ करीत उभी असते. फक्त दूध थोडे कमी येते आणि त्याची प्रत हळूहळू उतरते. भारतात ठिकठिकाणी झालेल्या पाहण्यांचा एकत्रित विचार केला, तर तपासलेल्या दर दहा गाईंपैकी सुमारे चार गाईंत हा सुप्त रोग आढळतो. उघड्या दगडीचे प्रमाण याहून पुष्कळ कमी आहे. म्हणजे ज्या रोगासाठी आपण डॉक्टरला बोलावतो तो थोडा, आणि ज्यासाठी बोलावीत नाही तो फार, अशी ही स्थिती आहे.

रोग कसा होतो

गाईच्या कासेचे चार कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला एक सड. हे कप्पे परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळे एक कप्पा रोगी आणि उरलेले तीन निरोगी असे होऊ शकते. सडाच्या टोकाला असलेले बारीक छिद्र हा रोगजंतूंचा दरवाजा. धार काढून झाल्यावर हा दरवाजा लगेच मिटत नाही, साधारण अर्धा तास तरी तो पुरता बंद होत नाही. त्या वेळात गाय ओल्या, शेणामुताने भिजलेल्या जमिनीवर बसली की जंतूंना आयतीच वाट मिळते. धार काढून झाल्यावर गाईपुढे वैरण टाकावी म्हणजे ती उभी राहील, हा जो सल्ला दिला जातो त्याचे कारण हेच.

जंतूंचे ढोबळ मानाने दोन प्रकार करता येतील. पहिला प्रकार एका गाईपासून दुसऱ्या गाईकडे जाणारा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टिई हे त्यांतले प्रमुख. त्यांचे वाहन म्हणजे धार काढणाऱ्याचा हात आणि कास पुसायचे एकच फडके. दुसऱ्या प्रकारचे जंतू, उदाहरणार्थ ई. कोलाय, हे शेणात, चिखलात आणि ओल्या अंथरणात राहतात. पहिल्या प्रकाराशी लढायचे ते हात धुऊन, आणि रोगी गाईची धार सर्वांत शेवटी काढून. दुसऱ्याशी लढायचे ते गोठा कोरडा ठेवून. अंगठा मुडपून सड ओढण्याची आपल्याकडची सवयही या रोगाला हातभार लावते, कारण तिने सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने धार काढणे हीच योग्य रीत होय.

दुधाचे काय होते

जंतू कासेत शिरले की शरीर त्यांच्याशी लढण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी तिकडे पाठवते. या पेशी दुधात उतरतात. निरोगी कासेच्या दुधात मिलिलिटरमागे त्यांची संख्या साधारणतः दोन लाखांच्या आत असते. रोगी कासेत ती कित्येक लाखांवर, कधी दशलक्षांवर जाते. याच वेळी दूध निर्माण करणाऱ्या पेशींना इजा पोहोचते, दुधातील साखर कमी होते, रक्तातील क्षार दुधात झिरपतात आणि दुधाला किंचित खारट चव येते. सर्वांत महत्त्वाचा फरक प्रथिनांत पडतो. ज्या केसीनमुळे दही घट्ट लागते आणि पनीर-चीज बनते ते केसीन घटते, आणि रक्तातून आलेली प्रथिने वाढतात. त्यामुळे एकूण प्रथिनांचा आकडा फारसा हलत नाही, पण त्यांचे मोल उतरलेले असते. अशा दुधाचे दही पातळ लागते, चीजचा उतारा कमी पडतो आणि दूध टिकतही नाही.

‘उकळले की सारे निर्दोष होते’ असा एक समज आहे. दूध उकळूनच प्यावे यात शंका नाही, कारण त्याने जंतू मरतात. परंतु जंतू मेले म्हणून केसीन परत येत नाही. केसीन तोडणारे प्लाझ्मिन नावाचे विकर उष्णतेला बऱ्याच अंशी दाद देत नाही, आणि दूध गरम हवेत तसेच राहून स्टॅफिलोकॉकसने त्यात एकदा विष तयार केले की तेही उकळण्याने सहजी नष्ट होत नाही.

काटा काय मोजतो

येथे अर्थशास्त्राचा प्रवेश होतो. डेअरीवर दूध गेले की दोन गोष्टी मोजल्या जातात : फॅट आणि एस.एन.एफ., म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धेतर घन पदार्थ. भाव यांच्यावर ठरतो. २०२४ च्या आरंभी राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान जाहीर केले, तेव्हाही निकष ठरला तो ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ. असाच. आता सुप्त कासदाहात फॅट फारसे बदलत नाही, एस.एन.एफ. किंचित उतरते. म्हणजे ज्या मापाने भाव ठरतो त्या मापाला हा रोग जवळजवळ दिसतच नाही. शेतकऱ्याला कळते ते इतकेच, की ‘या महिन्यात एस.एन.एफ. लागत नाही’. मग तो पेंड बदलतो, खुराक वाढवतो, केंद्रावरच्या यंत्राला दोष देतो. रोग मात्र कासेत तसाच राहतो.

मापाचे महत्त्व किती असते याला इतिहासाचा दाखला आहे. एकोणिसाव्या शतकात दूध केवळ आकारमानावर विकले जात होते. पाणी घालणाऱ्याला आणि निके दूध आणणाऱ्याला एकच भाव मिळे. १८९० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत शोधून काढली आणि तिचे एकस्व न घेता ती सर्वांना खुली केली. या एका चाचणीने दुधाचा व्यापार बदलला. आपल्याकडे १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली जी सहकारी चळवळ उभी राहिली, तिचे सामर्थ्यही गावातल्या गावात, सर्वांच्या देखत दूध तपासून त्या प्रमाणात पैसे देण्यात होते. माप उघडे झाले की मध्यस्थाची सत्ता ढिली होते, हा सहकाराचा पहिला धडा होय. मात्र त्या काळी पुढारलेले असलेले माप आज अपुरे पडत आहे, आणि ते तसेच ठेवण्यात शेतकऱ्याचे हित नाही.

माप अपुरे असले की काय होते, हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले. विकत घेणाऱ्याला चांगल्या-वाईटातील फरक ओळखता येत नसेल, तर तो सर्वांना सरासरी भाव देतो. मग चांगला माल आणणाऱ्याला त्याच्या श्रमाचे मोल मिळत नाही, आणि हळूहळू चांगला माल बाजारातून मागे हटतो. संकलन केंद्रावरील कॅनमध्ये नेमके हेच घडते. एकीने गोठा कोरडा ठेवला, हात धुतले, रोगी सडाचे दूध बाजूला काढले. दुसरीने यांतले काहीच केले नाही. दोघींचे दूध एकाच कॅनमध्ये पडले आणि दोघींना सारखाच भाव मिळाला. अशा व्यवस्थेत स्वच्छतेचा उपदेश करणे म्हणजे श्रम एकाने करावेत आणि लाभ सर्वांनी वाटून घ्यावा असे सांगणे होय. मग उपदेश निष्फळ ठरला तर त्यात नवल ते काय?

तोट्याचा धनी कोण

आता साधा हिशेब करून पाहू. समजा, एक संकरित गाय दिवसाला १० लिटर दूध देण्याच्या योग्यतेची आहे आणि सुप्त कासदाहामुळे ती ९ लिटर देते. हा एक लिटरचा तोटा ३०० दिवस चालला आणि लिटरला ३० रुपये भाव धरला, तर एका वेतात ९,००० रुपये गेले. ही रक्कम कोणी चोरली नाही, कोणी कापून घेतली नाही. ती हिशेबाच्या वहीत कधी आलीच नाही. देशाच्या पातळीवर या रोगाने होणाऱ्या वार्षिक हानीचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अंदाज सात हजार कोटी रुपयांहून अधिक होता. देशाचे दुधाचे उत्पादन २०२३–२४ मध्ये २३.९३ कोटी टनांवर पोहोचले. त्या यशाच्या आकड्यात हा तोटा बुडून जातो.

विमाही येथे कामास येत नाही. प्रचलित पशुविम्याचे स्वरूप मुख्यतः जनावर दगावल्यास भरपाई देण्याचे असते. ज्या गाईचा एक सड कायमचा निकामी झाला ती विम्याच्या दृष्टीने जिवंतच असते. कर्जाच्या हप्त्याच्या दृष्टीनेही ती पूर्वीचीच गाय असते. बँकेचा हप्ता चार सडांच्या हिशेबाने ठरलेला, आणि दूध तीन सडांचे. हा फरक कुटुंबाच्या पोटातून जातो.

सावर्डे परिसरात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. रत्नागिरी जिल्ह्याची अर्थव्यवस्था दीर्घकाळ ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ म्हणून ओळखली गेली. पुरुष मुंबईच्या गिरणीत, आणि बाई घरी भातशेती, म्हातारी माणसे व गुरे सांभाळीत. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो आधार कोसळला आणि परत आलेल्या कुटुंबांना गावातच उत्पन्नाचे साधन शोधणे भाग पडले. आंबा-काजूचे उत्पन्न वर्षातून एकदा येते, भात घरी खाल्ला जातो. आठवड्याला किंवा दहा दिवसांनी हातात रोख पैसा देणारा धंदा म्हणजे दूध. महामार्ग व कोकण रेल्वे दोन्ही सावर्ड्याला लागून आहेत, चिपळूणची बाजारपेठ जवळ आहे. तरीही कोकण दुधाच्या बाबतीत घाटावर अवलंबून राहिले, आणि कुंभार्ली घाट उतरून येणारे दूध येथील चहात पडत राहिले. येथील गावठी गाय दोन-तीन लिटरांच्या पलीकडे क्वचित जाते. तिची कास लहान असते, वासरू तिला पिते, आणि दगडीचा उपद्रव तिला तुलनेने कमी. दूध वाढवण्यासाठी कर्ज काढून संकरित जर्सी वा होल्स्टिन गाय आणली की उत्पन्न वाढते, आणि त्याबरोबर जोखीमही वाढते. अधिक दूध देणारी कास अधिक नाजूक असते.

त्यात कोकणचा पाऊस. जून ते सप्टेंबर हवा दमट, जमीन ओली, सूर्यदर्शन दुर्मिळ. गोठ्यात पातेरा किंवा पेंढा अंथरायची येथली रीत उन्हाळ्यात उत्तम. पावसात मात्र तोच पातेरा दोन दिवसांत कुजतो आणि शेणातल्या जंतूंचे आगर बनतो. जमिनीला उतार आणि मूत्र वाहून जायला गटार असेल, अंथरण रोज बदलले जात असेल, वर कोरडा चुना भुरभुरला जात असेल, तर हे टाळता येते. पण गोठ्याची जमीन पक्की करायला पैसा लागतो, आणि रोज नवा कोरडा पातेरा आणायचा तर तो पावसाळ्यापूर्वी साठवायला जागा लागते. ज्यांना ‘अस्वच्छ’ म्हणून नावे ठेवली जातात त्यांच्यापाशी पुष्कळदा उणीव असते ती जागेची आणि भांडवलाची.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. धार काढणारे हात बहुतांशी बायकांचे असतात. दूध संस्थेचे सभासदत्व मात्र बहुतांशी पुरुषाच्या नावावर असते. प्रशिक्षणाचे निमंत्रण सभासदाला जाते, त्यामुळे कासदाहावरचे व्याख्यान ऐकायला येतो तो पुरुष, आणि सकाळी पाच वाजता गाईखाली बसते ती बाई. ज्ञान एका हातात आणि काम दुसऱ्या हातात, अशी ही फारकत जोवर आहे तोवर कितीही पत्रके वाटली तरी फळ येणार नाही.

औषधाचा प्रश्न

सुप्त रोग वेळीच कळला नाही तर तो कधी ना कधी उघडा होतो, आणि मग प्रतिजैविकांची पाळी येते. योग्य वेळी, पशुवैद्याच्या सल्ल्याने, पूर्ण मात्रेत दिलेले प्रतिजैविक हे वरदानच आहे. अडचण येते ती पुढे. उपचार चालू असताना आणि नंतरचे काही दिवस, औषधावर लिहिलेल्या मुदतीइतके, ते दूध विकायचे नसते. त्यात औषधाचा अंश उतरलेला असतो. अशा दुधाला विरजण लावले तर दहीही नीट लागत नाही, कारण विरजणातले उपकारक जंतू त्या औषधाने मारले जातात.

हा नियम पाळायचा म्हणजे आठवडाभराचे उत्पन्न सोडायचे, आणि तेही अशा वेळी की डॉक्टरचे व औषधाचे बिल नुकतेच भरलेले असते. ते दूध कॅनमध्ये गेले तर कोणाला कळणार नाही, आणि ओतून दिले तर कोणी भरपाई देणार नाही. या पेचात सापडलेल्या माणसाला नीतीचे पाठ देणे सोपे आहे. पण ज्या व्यवस्थेत प्रामाणिकपणाची किंमत एकट्या प्रामाणिक माणसानेच मोजायची असते, ती व्यवस्थाच सदोष म्हटली पाहिजे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातील ६,४३२ दूध-नमुने तपासले, तेव्हा त्यांतील ७७ नमुन्यांत, म्हणजे १.२ टक्क्यांत, प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. प्रमाण लहान आहे, घबराटीचे कारण नाही. तथापि प्रश्न केवळ पेल्यातल्या दुधाचा नाही. जंतू औषधाला सरावले की तीच औषधे माणसाच्या आजारातही निकामी ठरू लागतात. याच भीतीने २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा जनावरांसाठीचा वापर केंद्र सरकारने बंद केला. सावर्ड्याच्या गोठ्यातला अर्धवट उपचार आणि मुंबईच्या रुग्णालयातला निष्फळ उपचार यांच्यामध्ये असा एक अदृश्य धागा आहे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम यांचा लेप कासदाहावर सुचवते. त्याचा उपयोग आरंभीच्या अवस्थेत करून पाहण्यास हरकत नाही. खर्च अल्प आहे आणि दुधात औषध उतरण्याचे भय नाही. मात्र ताप आलेल्या, चारा सोडलेल्या गाईला लेपावर ठेवून दिवस घालवणे धोक्याचे. तिथे डॉक्टरच हवा.

इंग्लंडचा अनुभव

यावर इलाज आहे का? आहे, आणि तो अज्ञात नाही. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी एक पंचसूत्री तयार केली : प्रत्येक धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणे, गाय आटवताना सडात औषध सोडणे, उघड्या रोगाचा तत्काळ उपचार करून त्याची नोंद ठेवणे, वारंवार रोगी होणारी गाय कळपातून काढणे, आणि दूध काढण्याच्या यंत्राची निगा राखणे. १९६७ मध्ये तेथील दुधात पेशींची सरासरी संख्या सहा लाखांच्या वर होती. १९८२ पर्यंत ती चार लाखांच्या आसपास उतरली.

यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ही घट झाली ती शिकवण, चाचणी आणि सल्ला यांच्या बळावर. पेशीसंख्येवरून भाव कापण्याची पद्धत तिथे त्यानंतर, नव्वदच्या दशकात रूढ झाली, आणि १९९२ मध्ये युरोपने चार लाखांची मर्यादा कायद्याने घातली. म्हणजे आधी शेतकऱ्याला समर्थ केले, मग त्याच्याकडून अपेक्षा केली. आपल्याकडे नेमका उलटा क्रम लावला जाण्याचा धोका आहे. उद्या एखादी मोठी कंपनी पेशी मोजणारे यंत्र आणील आणि पहिल्याच दिवशी कपात सुरू करील. तसे झाले तर ज्यांच्यापाशी पक्का गोठा, रबरी चटई आणि पगारी डॉक्टर आहे ते टिकतील. दोन गाईंची बाई बाजारातून बाहेर फेकली जाईल, आणि या बाहेर फेकण्याला ‘गुणवत्ता’ असे गोंडस नाव दिले जाईल. म्हणून माप बदलण्याची मागणी करताना ते कोणाच्या हाती राहील, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

क्रम कोणता असावा

पहिली पायरी चाचणीची. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात शाम आणि नूरलँडर यांनी जी चाचणी प्रसिद्ध केली तिला प्रयोगशाळा लागत नाही. चार खोलगट वाट्यांच्या तबकात चारही सडांचे थोडे थोडे दूध घ्यायचे, तितकेच द्रावण घालायचे आणि तबक गोल फिरवायचे. दूध पातळ राहिले तर सड निरोगी. चिकट, शेंबडासारखे घट्ट झाले तर रोगी. हे द्रावण मूलतः एक प्रकारचा साबणच असल्यामुळे कपडे धुण्याची साधी पावडर, १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम या प्रमाणात विरघळवूनही प्राथमिक अंदाज घेता येतो. तपासलेले दूध मात्र फेकून द्यायचे. व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आणि गाय आटत आलेली असताना निरोगी सडाचे दूधही घट्ट होऊ शकते, तेवढे ध्यानात ठेवावे. खर्च काही पैशांचा, वेळ पाच मिनिटांचा. प्रत्येक दुभत्या गाईची ही चाचणी महिन्यातून एकदा झाली पाहिजे आणि ती करणाऱ्या गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया असाव्यात, त्यांना त्याचा मोबदला मिळावा. सावर्डे हे शिक्षणाचे केंद्र आहे. गोविंदराव निकम यांनी उभ्या केलेल्या सह्याद्री शिक्षण संस्थेचे कृषी महाविद्यालय जवळच खरवते-दहिवलीला आहे. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून कोकणात काम करीत आहे. या संस्थांतील विद्यार्थ्यांनी वर्षभर चार-पाच वाड्यांतील गोठ्यांची अशी नोंदवही ठेवली, तर या भागाचे स्वतःचे आकडे हाती येतील. आकड्यांवाचून केलेली मागणी सरकार दरबारी टिकत नाही.

दुसरी पायरी भरपाईची. उपचाराच्या दिवसांतले दूध न विकणाऱ्या कुटुंबाला सामाईक निधीतून त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. समजा, एका केंद्रावर रोज ५०० लिटर दूध जमते. लिटरमागे २५ पैसे बाजूला काढले तर वर्षाला ४५,६२५ रुपये होतात. आठ लिटरच्या गाईचे सात दिवसांचे दूध ३० रुपये दराने १,६८० रुपयांचे. म्हणजे या निधीतून वर्षाला सत्तावीस गाईंची भरपाई निघते. यातला निम्मा भार डेअरीने उचलावा, कारण निर्दोष दुधाचा लाभ तिला होतो. ज्या दिवशी दूध ओतून देण्याचे पैसे मिळू लागतील, त्या दिवशी औषधाचे दूध कॅनमध्ये येणे आपोआप थांबू लागेल. सहकाराचा अर्थ फक्त एकत्र विकणे असा नाही. जोखीम एकत्र उचलणे हाही आहे.

तिसरी पायरी पशुवैद्यकीय सेवेची. ‘१९६२’ या दूरध्वनी क्रमांकावर फिरत्या पथकाची सोय झाली आहे, तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु फिरते पथक उघड्या रोगामागे धावते. सुप्त रोगासाठी हवा तो ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वाडीत येणारा डॉक्टर. सार्वजनिक दवाखान्यांतील रिक्त पदे भरा, ही मागणी दूध-उत्पादकांच्या संघटनेने भावाच्या मागणीच्या जोडीला ठेवली पाहिजे.

आणि या तिन्ही पायऱ्या चढून झाल्यावरच चौथी, भावाची. पेशीसंख्या कमी असलेल्या दुधाला अधिक भाव मिळावा; जास्त असलेल्या दुधाच्या भावात प्रारंभीची काही वर्षे कपात असू नये. त्यातही केवळ अखेरचा आकडा पाहू नये, सुधारणाही पाहावी. गेल्या पावसाळ्यापेक्षा या पावसाळ्यात जिच्या गोठ्यातले रोगी सड कमी झाले तिलाही बक्षीस मिळावे, मग तिचा गोठा पक्का असो वा कच्चा. असे केले तर नवे माप लहान उत्पादकाच्या डोक्यावरची तलवार न ठरता त्याच्या हातातले अवजार ठरेल.

हे सारे होईपर्यंत हात धुणे, फडके प्रत्येक गाईला वेगळे ठेवणे, रोगी गाईची धार शेवटी काढणे आणि धारेनंतर वैरण टाकणे या गोष्टी कोणाची वाट न पाहता उद्या सकाळपासून करता येतील, आणि त्या केल्याच पाहिजेत. परंतु एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. कासदाह हा गाईचा रोग आहे; त्याचा तोटा मुकाट्याने गरिबाच्या घरात जिरावा हा मात्र व्यवस्थेचा रोग आहे. पहिल्याची चाचणी साबणाच्या पाण्याने होते. दुसऱ्याची चाचणी दूध संस्थेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत व्हावी. तिथे फॅट आणि एस.एन.एफ. च्या जोडीला सडांच्या चाचणीचा आणि भरपाई निधीचा ठराव मांडला जावा, आणि तो ज्या धार काढतात त्या बायकांनी मांडावा.